निळी पुरचुंडी

दिवसा मी धान्याच्या कोठारावर काटा सांभाळतो.
मक्याचे ट्रक येतात. भरलेला तोलतो, रिकामा तोलतो,
मधला फरक लिहून देतो.
शुक्रवारी संध्याकाळी काळे-पांढरे पट्टे अंगात चढवतो
आणि नेब्रास्कातल्या कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर
पुन्हा तेच काम.

शिकवलं ऑरिन क्नुडसनने, त्याच्या स्वयंपाकघरात.
मिठाची बाटली चाळीसवर, साखरेचं भांडं पन्नासवर,
मधे एक उकडलेलं अंडं.
"हे गडगडत नाही, बाबा, ठेचकाळतं.
कुठे उडेल त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.
तू त्याच्याकडे बघूच नकोस. रेषेकडे बघ.
यायचं ते रेषेपर्यंत येतंच."
मग बोटं मोडत: किक मारणाऱ्यांना चेंडू परत हवा
तर तो जमिनीला टेकलेला हवा, दहा यार्ड गेलेला हवा.
समोरच्याचा हात आधी लागला, तर गोष्ट निराळी.
आपलाच हात आधी लागला, तर
"रुमाल काढायचा नाही. गुन्हा नाही तो.
पुरचुंडी टाकायची. एवढंच सांगायला, की इथे शिवला.
मग चेंडू इथूनच मागायचा हक्क समोरच्यांचा."
आणि चाळीसवरचं मीठ घेऊन
त्यानं चेंडू खाऊन टाकला.

ऑक्टोबर. एक मिनिट चौदा सेकंद.
पाहुणा संघ पाच गुणांनी मागे,
म्हणजे छोटी किक येणार हे पोराटोरांनाही कळलेलं.
बँडमधल्या मुलीनं ट्रॉम्बोन मांडीवर ठेवला.
कुंपणापलीकडे कुणाचा तरी कंबाइन दिवे लावून
मका कापत होता, त्याला यातलं काही पडलेलं नव्हतं.
मी पन्नासच्या टोकाला, एक डोळा मिटून,
सुईत दोरा ओवताना बघतात
तसा रेषेच्या आरपार.

एक टप्पा. दुसरा बुटका. तिसरा भलताच उंच.
इमॅट कोवारिक, सत्तावीस नंबर,
धावत आला आणि हवेतच बोटं लावली
रेषेच्या अलीकडे. किती?
वीतभर. वीतही नाही.
चेंडू निसटून पलीकडे गेला, हा त्याच्यावर पालथा पडला,
पाहुण्यांच्या बाकांवरून गाईच्या घंटा घणघणल्या,
आणि माझी निळी पुरचुंडी
मला न विचारताच गवतात पडलेली होती.

"पकडला ना मी, सर?"
"पकडलास."
"मग?"
"त्याआधी शिवलास."
हेल्मेटच्या जाळीतून तो माझ्याकडे बघत राहिला,
जणू मी दुसऱ्याच कुठल्या खेळाबद्दल बोलत होतो.

परतताना गाडीत आम्ही चौघं, कुणी बोलेना.
ऑरिन सूर्यफुलाच्या बिया सोलून
कागदी कपात टरफलं थुंकत होता.
पस्तिसाव्या मैलाला मला सुचलं:
मी तर रेषेकडे बघत होतो.
मग बोटं कुणी बघितली?
त्याला विचारलं नाही.

सोमवारी कोवारिकांचा ट्रक काट्यावर आला.
बापाचा गुडघा सुजलेला, म्हणून पोरगा चालवत होता.
पट्ट्यांशिवाय मला ओळखायला त्याला जरा वेळ लागला.
मी टेबलावरच्या धुळीत बोटानं रेघ ओढली,
मक्याचा एक दाणा अलीकडे ठेवला.
त्यानं नखानं दाणा रेघेपर्यंत सरकवला.
"थांबलो असतो तर?"
"अर्धा श्वास."
"तेवढ्यात त्यांच्या पोरानं घेतला असता."
"घेतला असता. किंवा नसता."

पावती छापून आली. ओलावा साडेसतरा.
"पंधराच्या वर गेलं की कापता?"
"हो."
"जरासंच गेलं तरी?"
"जरासंच गेलं तरी."
तो हसला की नाही, सांगता येत नाही;
पावतीची घडी करून त्यानं टोपीत खोचली.
मागचा ट्रक हॉर्न देत होता.